कोणी बोलावलं म्हणून चाललास?

सुशील पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला चाललाय हे कळल्यावर मन्यानं त्याचं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. थेट विचारलं, "तिथं तुला बोलावलंय कुणी?"

आमचा कट्टा पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या घंटामनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. सुशील त्या आवारातच लहानाचा मोठा झाला. घराणं मूळचं राहुरीकडचं, पण तिथल्या पवित्र नाम देवालयात, म्हणजे चर्चमध्ये, आजोबांपासूनची हजेरी. आता एका मोठ्या हॉस्पिटलात तो बायोमेडिकल टेक्निशियन आहे. हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, सक्शन, भुलीचं मशीन, काहीही बंद पडलं की रात्री दोन वाजताही फोन यालाच. त्याच्या आणि आणखी एक-दोन चर्चच्या लोकांची मिळून टीम झालीय. त्यात दोन डॉक्टर, काही नर्स, एक पाळक म्हणजे पाद्री आणि कॉलेजची पोरं आहेत. तिथल्या एका मिशन हॉस्पिटलात तीन आठवडे राहायचं, तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. पिवळ्या तापाची लस घेऊन दंड चोळतच तो कट्ट्यावर आला होता. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात काढावे लागतात, हेही त्यानंच सांगितलं.

"इथं ससूनला पेशंट कमी आहेत का? वेल्ह्याला जा, भोरला जा," मन्या म्हणाला.

हा मुद्दा प्रत्येक वेळी येतो आणि तो मला कधीच पटलेला नाही. खरोखर वेल्ह्याला जाणारा माणूस हा मुद्दा काढत नाही, कारण त्याला तेवढा वेळच नसतो. सुशील वर्षातून काही रविवार मावळातल्या तपासणी शिबिरांना जातो, हे मन्यालाही माहीत आहे. त्यामुळे तो मुद्दा तिथंच सुटला आणि मन्याच्या मनातलं खरं बाहेर आलं.

"स्पष्ट बोलू? सेवा बाहेरून दिसते, आत धर्मांतर असतं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचं काय झालं? १८८९ ला मुंबईत काढलं, पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. धर्मात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द दिलेला. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसायला लागल्या म्हणून गावभर ओरड झाली. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. ते काही कर्मठ नव्हते. सुधारक होते!"

"रमाबाईंनी कुणाला ओढून नेलं नव्हतं," सुशील म्हणाला. "त्या स्वतःची प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. दार लावून घ्या, असं सांगणारे किती जण पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात टाकून दिलेल्या बायका-मुली गोळा करायला गेले? त्या गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं."

"म्हणजे सेवा केली की सगळं माफ?"

"नाही. पण शंका आली की सेवाही खोटी, असंही नाही."

बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "१८९० ला याच पंचहौदात चहा घेतला म्हणून टिळकांवर आणि रानड्यांवर ग्रामण्य झालं होतं, म्हणजे वाळीत टाकायचा खटला. तेव्हापासून हे भांडण इथं चालू आहे. तुमचं आज संध्याकाळी मिटणार नाही. पुढं बोला."

सुशीलनं त्यांच्या टीमचे नियम सांगितले. वॉर्डात पत्रकं वाटायची नाहीत. कुठल्याही पेशंटला धर्म विचारायचा नाही. त्या देशात बहुसंख्य मुसलमान आहेत, हॉस्पिटलात येणारेही बहुतेक तेच. कुणी आपणहून मागितली तरच प्रार्थना.

मन्या इथं जे बोलला ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "मागणारच की! ज्यानं फुकट ऑपरेशन केलं, तो 'प्रार्थना करू का' असं तोंडावर विचारतोय. त्याला नाही कोण म्हणेल? माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी कोंबडा हो म्हटलं असतं तरी मी झालो असतो."

हा आडमुठेपणा नव्हता. आजारी माणूस आणि त्याचे नातेवाईक यांच्याकडे नकार द्यायची ताकदच उरलेली नसते. डॉक्टर आस्तिक असो, नास्तिक असो, कुठल्याही धर्माचा असो, त्याच्यापुढं ते हात जोडूनच उभे असतात. अशा वेळी घेतलेल्या होकाराला मी होकार मानत नाही. जो देणाऱ्याच्या जागी आहे त्यानंच आपलं तोंड आवरलं पाहिजे. ती जबाबदारी घेणाऱ्यावर टाकता येत नाही.

सुशील बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणूनच प्रार्थना आमच्यापैकी कुणी करत नाही. तिथला पाळक करतो. आम्ही तीन आठवड्यांनी विमानात बसणार. त्याला त्याच गावात राहायचंय, त्याच मशिदीशेजारी, त्याच बाजारात. तो कुणावर जबरदस्ती करून जाईल कुठं?"

मन्याला हे अर्धंच पटलं. मला मात्र पटलं, कारण बाहेरून आलेल्यानं काय करू नये याची रेघ त्यात नीट ओढलेली होती.

गौरी तोवर गप्प होती. तिनं बरीच वर्षं सामाजिक संस्थांमध्ये काम केलंय आणि तिचा राग धर्मावर नसतोच. ती म्हणाली, "मला प्रार्थनेचं काही वाटत नाही. मला तुमच्या आत्मविश्वासाची भीती वाटते. २०१८ ला एक सव्वीस वर्षांचा अमेरिकन पोरगा मच्छीमारांना पैसे देऊन अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर उतरला. तिथं जायला बंदी आहे, त्या लोकांना आपल्या साध्या सर्दी-तापाचीही प्रतिकारशक्ती नसेल, हे जगाला माहीत. त्यानं येशूचं नाव घेतलं, त्यांनी बाण मारले. जीव त्याचा गेला, अटक मच्छीमारांना झाली."

"त्याला आमच्यातलेही खूप जण चूक म्हणाले," सुशील म्हणाला.

"तो टोकाचा झाला, सोड. युगांडातलं घे. एका अमेरिकन तरुणीनं वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित मुलांचं केंद्र चालवलं. तिथं मुलं दगावली, आया कोर्टात गेल्या, २०२० ला तडजोड झाली. तिचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. हेतू चांगला होता म्हणूनच तिला कुणी थांबवलं नाही. आपल्याकडं कुणी परदेशी पोरगी पदवीशिवाय मुलांना सलाईन लावायला लागली तर चालवून घेऊ का? मग तिथं का चालतं?"

या प्रश्नाला कट्ट्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

"आणि कंबोडिया," गौरीचा आवाज चढला. "पर्यटक आणि स्वयंसेवक वाढले तसे अनाथाश्रम वाढले. आतली बहुतेक मुलं अनाथ नव्हतीच. आई किंवा बाप जिवंत, फक्त गरीब. पाहुण्यांना मुलं हवीत म्हणून मुलं आणली गेली. पाहुणे आठवडाभर मांडीवर घेऊन लाड करतात आणि निघून जातात. पुढच्या आठवड्यात नवे येतात. त्या पोरांचं काय होत असेल? तुमच्या वेळापत्रकात काय काय आहे, दाखव."

सुशीलनं मोबाइल पुढं केला. हॉस्पिटलचं काम, मशीन दुरुस्ती, नर्सचं प्रशिक्षण. त्याखाली दोन ओळी होत्या: शाळेची भिंत रंगवणे आणि मुलांसाठी गाणी-खेळ.

"भिंत रंगवायला पुण्याहून? त्या गावात रंगारी नाही का?" गौरी म्हणाली. "कॉलेजच्या पोरांच्या तिकिटाच्या पैशात तिथल्या रंगाऱ्याच्या घरात वर्षभर चूल पेटेल."

सुशील काही बोलला नाही. ओळ वाचत राहिला.

बापू मूळचे मिरजेचे. परदेशी मिशनचा विषय निघाला की त्यांच्याकडं एकच दाखला असतो, आणि तो दर वेळी ऐकण्यासारखा असतो. "डॉक्टर वानलेस कॅनडाचा माणूस. १८८९ ला हिंदुस्थानात आला, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल बांधलं. मिशनरीच होता, लपवून ठेवलं नाही कधी. पण त्यानं काय केलं, तर इथलीच पोरं हाताखाली घेतली आणि शिकवली. शिकून ती गावोगावी गेली. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, कर्नाटकातून माणसं येतात, त्याचं मूळ तिथं आहे. माझी आजी काही ख्रिस्ती झाली नाही, पण वानलेसचं नाव घेताना हात जोडायची. १९२८ पर्यंत राहिला तो. तुझे तीन आठवडे."

"मी वानलेस नाही, बापू."

"माहीत आहे. तू काय ठेवून येणार ते सांग."

मग सुशीलनं जे सांगितलं त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

त्या हॉस्पिटलचं मेंटेनन्स पाहणारा एक तरुण आहे. शिकलेला इलेक्ट्रिशियन, बाकी सगळं स्वतःच खटपट करून उचललेलं. काही महिन्यांपासून तो सुशीलला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतोय. पहिला फोटो होता ऑक्सिजन कॉन्संट्रेटरचा. अमेरिकेतल्या कुणीतरी मोठ्या मनानं दान केलेला, पण तिथल्या ११५ व्होल्टवर चालणारा. सिएरा लिओनमध्ये आपल्यासारखेच २३० व्होल्ट. कुणीतरी सरळ प्लग लावला आणि तो जळाला. आता कोपऱ्यात पडून आहे, वर देणाऱ्याच्या नावाचं स्टिकर तसंच.

दुसरा फोटो ऑटोक्लेव्हच्या दाराचा. दाराच्या खाचेत रबराचं गॅस्केट असतं, कुकरच्या झाकणातल्या रिंगसारखं. ते एका जागी कडक होऊन चिरलं होतं. त्या चिरेतून वाफ जाते, मग आत दाब धरत नाही. १२१ अंश तापमान आणि पंधरा पौंडांचा दाब ठरलेली मिनिटं टिकला नाही, तर बाहेर येणारी हत्यारं चकचकीत दिसतात पण निर्जंतुक झालेली नसतात. ती सिझेरियनला वापरली तर बाई ऑपरेशनमधून वाचते आणि आठवड्यानं जंतुसंसर्गानं जाऊ शकते. तिथले डॉक्टर हे जाणतात, म्हणून ज्या दिवशी दाब धरत नाही त्या दिवशी ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकलतात. तातडीचं असेल तर हत्यारं उकळून काम भागवतात.

"त्यानं मला लिहिलं," सुशील मन्याकडं वळून म्हणाला, "की पार्ट पाठवू नका, या आणि शिकवा. पार्ट पुन्हा खराब होईल. तू विचारलंस ना, कुणी बोलावलंय का? त्यानं बोलावलंय."

गॅस्केटचं माप घेऊन सुशीलनं इथं तीन बनवून घेतलीत. पण सगळा वेळ तो पहिलं गॅस्केट बसवण्यात घालवणार नाही. पहिलं तो बसवेल, दुसरं तो तरुण बसवेल आणि सुशील बघेल. तिसरं तसंच ठेवून यायचं. दाराच्या खाचेतला क्षार कसा काढायचा, दाबाचं गेज खोटं दाखवतंय हे कसं ओळखायचं, रोजची नोंद कोणत्या वहीत कशी ठेवायची, हे त्यानं फोटो काढून सोप्या इंग्रजीत लिहिलंय. सरकारी कामकाज तिथं इंग्रजीतच चालतं.

मन्या म्हणाला, "हे कुठलाही टेक्निशियन करेल. यात येशू कुठं आला?"

"कुठलाही करेल, पण जात नाही ना. मी जातोय तो त्याच्यामुळं. तुला तो दिसायलाच पाहिजे असं नाही."

मी इबोलाच्या साथीचा विषय काढला. २०१४ ते २०१६ या काळात एकट्या सिएरा लिओनमध्ये चार हजारांच्या आसपास माणसं गेली. प्रेताला आंघोळ घालून निरोप द्यायची तिथली रीत, आणि त्या स्पर्शातूनही रोग पसरत होता. सरकारचं सांगणं लोक ऐकेनात. शेवटी इमाम आणि पाद्री एकत्र गावोगावी सांगत फिरले की, प्रेताला हात न लावताही त्याचा मान राखता येतो. दफनाच्या पद्धती बदलायला त्यानं मोठी मदत झाली. लुनसारच्या मिशन हॉस्पिटलचा स्पॅनिश डॉक्टर-ब्रदर त्याच साथीत पेशंट तपासताना आजारी पडून गेला. श्रद्धेचं तिथं वजन आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

मन्यानं लगेच पकडलं. "इमाम आणि पाद्री तिथलेच होते ना? आणि तो ब्रदरही वर्षानुवर्षं राहिलेला असणार. तीन आठवड्यांच्या टीमचं लोकांनी ऐकलं असतं?"

बरोबर होतं त्याचं. माझ्याच उदाहरणानं त्याची बाजू भक्कम झाली, आणि सुशीलचीही. तिथं राहणाऱ्याचा हात बळकट करून यायचं, एवढंच पाहुण्याला जमतं, आणि ते थोडं नाही.

परदेशी मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून गोरा माणूसच येतो. केरळचे फादर टॉम येमेनमध्ये होते. २०१६ च्या मार्चमध्ये एडनच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला, मदर तेरेसांच्या चार सिस्टर्ससह सोळा जणांना मारलं, फादरांना पळवून नेलं. दीड वर्षानं सुटले. त्या चौघींमध्ये एक झारखंडची होती. घरदार सोडून ती परक्या देशातल्या म्हाताऱ्यांचे कपडे-चादरी धुवायला गेली होती. तिच्याबद्दल संशयानं बोलायला माझी जीभ उचलत नाही. मन्याचीही उचलली नाही.

पुढच्या आठवड्यात सुशील आला तो टीमच्या मीटिंगमधून. भिंत रंगवणं रद्द झालं होतं. त्याचे पैसे शाळेला द्यायचे आणि रंगारी शाळेनंच ठरवायचा. कॉलेजच्या पोरांपैकी दोघांनी नावं मागं घेतली, त्यांच्या तिकिटाच्या रकमेतून त्या मेंटेनन्सवाल्या तरुणाला पुण्यात आणून महिनाभर शिकवता येईल का, ते हॉस्पिटलला विचारलंय. त्याच्या व्हिसाचं काम सोपं नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

मुलांचा गाणी-खेळांचा कार्यक्रम मात्र राहिला. टीममधल्या काहींना तो हवाच आहे. गौरी त्यावरून सुशीलशी अजून भांडतेय आणि मी तिच्या बाजूनं आहे. कार्यक्रम घ्यायचाच असेल तर तिथल्या शिक्षकांनी घ्यावा, आपल्या पोरांनी मागं बसून टाळ्या वाजवाव्यात आणि मुलांचे फोटो काढू नयेत, असं आम्ही दोघांनी त्याला सांगितलंय. फोटोंचं त्यानं लगेच मान्य केलं. बाकीचं रविवारी पुन्हा मांडणार आहे.