आमच्या येथे श्रीकृपेकरून वेबसाइट

घरात एखाद्याला 'कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी कीर्ती पसरली की त्याचे रविवार संपले. मी बँकेत नोकरीला. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढता येतो, एवढंच माझं तंत्रज्ञान. पण मामांच्या सोलापुरातल्या, नवी पेठेतल्या चादरी-टॉवेलच्या दुकानाची वेबसाइट निघाली आणि फोन आला, "तू फक्त बघून घे." करणारा दुसराच होता. मामींच्या भिशीतल्या मैत्रिणीचा मुलगा, नुकताच इंजिनियर झालेला. मी फक्त बघायचं होतं.

बघितलं. आधी गणपती फिरला. मग सनई सुरू झाली आणि ती बंद कुठून करायची ते पोरालाही सापडेना. पुढे हार घातलेले आजोबा, मग मामा, मामांचे दोघे भाऊ, मग कुठल्याशा समारंभात शाल स्वीकारणारे मामा. आयुष्यभर चादरी विकलेल्या माणसाला लोक शालच का देतात, हा प्रश्न मी गिळला. लग्नपत्रिकेत आजोबांपासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिंटू-पिंकीपर्यंत सगळे असतात आणि कार्यालयाचा पत्ता शोधायला भिंग लागतं, तसा हा सगळा कारभार. चादर होती, नाही असं नाही. मामांच्या मागे गठ्ठ्यात, अस्पष्ट.

"मामा, गिऱ्हाइकाला काय पाहिजे असतं?"

"विश्वास," मामा म्हणाले. पानावरही तेच होतं: 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास, ग्राहक हेच आमचे दैवत.' सोलापुरातल्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर हे वाक्य खपलं असतं. वडापावच्या गाड्यावरसुद्धा.

आता पुण्यातली एखादी बाई रात्री जेवणं उरकून मोबाइलवर चादर शोधत असेल, तर तिचे प्रश्न साधे असतात. सिंगल की डबल, माप किती इंच? रंग जातो का? भाव काय, घरपोच किती दिवसांत? आणि मुख्य म्हणजे, ही खरंच सोलापूरचीच ना? कारण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी दुसरीकडे विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकला जातो. मामांच्या चादरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून येतात, जकार्ड मागावरच्या, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणाऱ्या. दुकानात आलेल्या माणसाला मामा हे सगळं चादर उलटीपालटी करत, बोटांनी वीण दाखवत सांगतात. वेबसाइटवर यातलं अक्षर नव्हतं.

भाव टाकायला तर मामांचा ठाम नकार. "शेजारचा बघेल की!"

शेजारच्याबरोबर मामा रोज सकाळी चहा पितात. गिऱ्हाईक कमी असलं की दोघं एकमेकांच्या गादीवर बसून भावच बोलतात. ज्याला तो कळू द्यायचा नव्हता त्याला पाठ होता, आणि ज्याला कळायला हवा तो गिऱ्हाईक कंटाळून दुसऱ्या साइटवर निघून जाणार होता.

फोटोंचं प्रकरण वेगळंच. लग्नाच्या फोटोग्राफरकडून काढून घेतलेले, एकेक ८ एमबीचा, असे ४०. म्हणजे ३२० एमबी वाहून न्यायचे, ते कुणाच्या तरी साध्या फोनवर. दुकानातल्या वायफायवर सगळं पटकन उघडायचं, त्यामुळे मामा खूश. मी वायफाय बंद करून त्यांच्या हातात मोबाइल दिला. आजोबांचा फेटा आला. काही वेळाने कपाळ आलं.

"येलालाय की हळूहळू," मामा म्हणाले.

पोराने फोटो दीड-दोनशे केबीपर्यंत खाली आणले. डोळ्यांना फरक कळला नाही. तरी एवढे पैसे देऊन काढलेल्या फोटोंचा आकार कमी केला याचं मामींना वाईट वाटलंच.

'आमच्याविषयी' या पानावर 'लोरेम इप्सम डोलोर' असा मजकूर होता. मामींना तो तेलुगू वाटला. आपल्या गावात तेलुगू बोलणारे पुष्कळ, त्यामुळे ही शंका अगदीच अनाठायी नाही. मामांनी खालच्या कारागिराला बोलावून वाचायला दिलं. तो म्हणाला, तेलुगू नाही, कन्नड असेल. खरं तर सिसेरो नावाच्या रोमन माणसाने इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेल्या लॅटिनची ती मोडतोड. खरा मजकूर येईपर्यंत जागा भरायला वापरतात. खरा मजकूर मामा देणार होते. मामा म्हणत होते, पोरगा लिहिणार होता.

फोन नंबर होता, पण चित्राच्या आत, तोही दुकानातून कधीच काढून टाकलेल्या लँडलाइनचा. बोट लावलं तर फक्त चित्र मोठं व्हायचं. 'आम्हाला लिहा' असा फॉर्म होता. त्यातून जाणारी पत्रं ज्या इमेलवर पडत, त्याचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता. बरं, पत्रं येणार तरी कुठून? बांधकाम चालू असताना गूगलने डोकावू नये म्हणून, साइट ज्यात बांधली होती त्या वर्डप्रेसमध्ये एक खूण करता येते. ती खूण काढायची राहिली होती. म्हणजे एवढी सनई वाजवून वेबसाइट गूगलला स्वतःच सांगत होती, आमच्याकडे येऊ नका.

मग मी डोमेनचं, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं, विचारलं, "मामा, डोमेन कुणाच्या नावावर आहे?"

"दुकानाच्या नावाचंच आहे की."

नाव दुकानाचं होतं, पण घेतलं होतं पोराने, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या इमेलवर. पोराला पुण्यात नोकरी लागलेली, पुढच्या आठवड्यात हुतात्मा एक्स्प्रेसने निघणार. वर्षाने मुदत संपली की आठवणीचा मेल त्यालाच जाणार. तो भाड्याची खोली शोधण्यात गुंतलेला असला तर साइट बंद. मुदत टळल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर डॉट कॉम नाव सोडवून घ्यायला ३० दिवस, तेही जबर दंड भरून, आणि मग नाव ज्याला हवं त्याला मोकळं. दुकानासमोरच्या चार बोटं ओट्यासाठी मामा कोर्टात गेलेले आहेत. त्यांनी पोराला त्याच संध्याकाळी बसवून घेतलं आणि खातं नावावर झाल्याशिवाय उठू दिलं नाही. मामींनी मधे शेंगाचटणी-भाकरी दिली, तेवढंच.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी साइट नीट सुरू झाली. चादर समोर, माप खाली, नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. आजोबा आतल्या पानावर गेले. मिलमधली नोकरी सुटल्यावर त्यांनी दोन माग कसे टाकले ते तिथे मामांच्या शब्दांत आहे, आणि ते खरंच वाचण्यासारखं झालंय. सनई वगळली. भावावरून मात्र मामा शेवटपर्यंत कुरकुरत होते.

पहिला फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. नाशिकची बाई. माप वाचलेलं, वीण समजलेली, भाव पाहिलेला.

"हो, पण लिहिलंय त्याच्यात कमी किती कराल?"

मामा गादीवर सरसावून बसले. हे त्यांच्या रोजच्या सवयीतलं होतं. धाग्याच्या महागाईपासून घरातल्या लग्नापर्यंत अर्धा तास घासाघीस झाली, दोन चादरींवर एक टॉवेल फुकट द्यायचं ठरलं. फोन ठेवून मामांनी चहा मागवला आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "चांगली चालली की वेबसाइट!"