‘तीनदा’ हा शब्द का ठेवला : इस्तंबूलच्या महापौरांवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांच्यावरील माझा ‘तीनदा निवडून आलेला महापौर’ हा लेख वाचून आपण जी सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, तिची नुसती पोच देऊन मोकळे होणे मला बरे वाटले नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. लेख व्यक्तिपूजेकडे झुकला आहे. भ्रष्टाचाराचे आरोप मी एका वाक्यात उरकले आहेत. पहिली निवडणूक नियमभंगामुळे रद्द झाली असल्याने ‘तीनदा’ हा शब्द मुळातच चुकीचा आहे, ‘दोनदा’ म्हणायला हवे होते. आणि ज्या नागपुरात जवळपास चार वर्षे महापौरच नव्हता, तिथल्या माणसाने इतक्या दूरच्या महापौराची काळजी वाहण्याचे कारण काय, असेही आपण विचारले आहे. आपण महापालिकेच्या निवडणुकीत मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसला होता, हेही आपण नमूद केले आहे. मी शिक्षक होतो आणि फेब्रुवारी २०१७ च्या आपल्या महापालिका निवडणुकीत मतदान केंद्राध्यक्ष होतो. त्यामुळे आपल्या तिसऱ्या आक्षेपाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. पण आधी जे मान्य आहे ते मान्य करतो.

व्यक्तिपूजेचा आक्षेप मला अंशतः पटला. लहान मुलांच्या आईला शहर वाहतुकीत मोफत प्रवास, गरीब घरांतील मुलांना दूध, पालिकेची पाळणाघरे, स्वस्त जेवणाची ‘शहर उपाहारगृहे’ हे सगळे मी हौसेने लिहिले. जानेवारी २०२२ मध्ये शहर बर्फवृष्टीने ठप्प झाले असताना महापौर ब्रिटिश राजदूतांसोबत मासळीच्या उपाहारगृहात जेवत होते आणि त्यावरून त्यांच्यावर सडकून टीका झाली, ही गोष्ट मात्र मी वगळली. त्यापूर्वी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरात पूर आला तेव्हा ते सुटीवर होते, त्यावरूनही त्यांना बोलणी खावी लागली होती. सुमारे दीड कोटी लोकवस्तीच्या शहराच्या कारभाऱ्याबद्दल लिहिताना या दोन्ही गोष्टी यायलाच हव्या होत्या. त्या मी लेखात घालत आहे.

आता ‘तीनदा’. बेलिकदुझु या इस्तंबूलच्या एका उपनगरी जिल्ह्याचे पाच वर्षे महापौर राहिलेले, देशात फारसे कोणाला ठाऊक नसलेले इमामोग्लू, ३१ मार्च २०१९ रोजी माजी पंतप्रधान बिनाली यिल्दिरिम यांच्याविरुद्ध महानगराच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि सुमारे तेरा हजार मतांनी जिंकले. ऐंशी लाखांहून अधिक मतांत तेरा हजार म्हणजे फारच थोडा फरक; त्यामुळे फेरमोजणीची मागणी होणे साहजिक होते, आणि ती दोन आठवड्यांहून अधिक चालली. १७ एप्रिलला त्यांना निवडीचे प्रमाणपत्र मिळाले. ६ मे रोजी तिथल्या सर्वोच्च निवडणूक मंडळाने सात विरुद्ध चार अशा बहुमताने निवडणूक रद्द केली. मुख्य कारण असे दिले गेले, की काही केंद्रांचे प्रमुख कायद्याने आवश्यक असलेले सरकारी कर्मचारी नव्हते.

आपण म्हणता, नियम तो नियम. मलाही नियम प्रिय आहेत; केंद्राध्यक्षाला दुसरे काही प्रिय असून चालतच नाही. पण तुर्कस्तानातील मतदार त्या दिवशी काय करत होता ते नीट पाहा. त्याला महानगराचा महापौर, जिल्ह्याचा महापौर, त्या जिल्ह्याच्या पालिका सभागृहाचे सदस्य आणि मोहल्ल्याचा मुख्तार (म्हणजे प्रमुख) अशा चार मतपत्रिका मिळत होत्या, आणि त्या चारही तो एकाच पाकिटात घालून एकाच पेटीत टाकत होता. केंद्रप्रमुख तोच, पेटी तीच, पाकीटही तेच. तरीही रद्द ठरली ती फक्त महानगराच्या महापौराची मतपत्रिका. त्याच पाकिटातून निघालेल्या बाकीच्या तीन मतपत्रिका वैध राहिल्या.

आपल्या प्रभागातील २०१७ चे मतदान आठवून पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. चार सदस्यांचा प्रभाग, अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि प्रत्येक मतदाराने चार वेळा बटन दाबायचे. माझ्या केंद्रावर एक वयस्कर बाई पहिले बटन दाबून परत निघाल्या. ‘अजून तीन राहिले, आजी’ असे म्हटल्यावर त्या पडद्याआड परत गेल्या, आणि शेवटचा लांब आवाज येईपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो, कारण चारही मते पडल्याशिवाय पुढच्या मतदाराला सोडता येत नव्हते. समजा, नंतर कोणी सिद्ध केले असते, की मी त्या खुर्चीवर बसायला पात्रच नव्हतो. मग त्या आजींची चारही मते गेली असती, किंवा मला शासन होऊन चारही राहिली असती. अ, ब आणि क ठेवायच्या आणि फक्त ड पुसून टाकायची, हे कोणत्या नियमात बसते? नेमणूक करणाऱ्याची चूक, खुर्चीवर बसलेल्याची चूक, आणि किंमत मोजायची रांगेत उभ्या असलेल्या माणसाने, तीही निवडून एकाच मतापुरती. हे वाचले तेव्हा मला राग आला होता, आणि तो राग लेखात उतरला असेल तर तो मी मागे घेत नाही.

२३ जून २०१९ रोजी फेरमतदान झाले. तेरा हजारांचे मताधिक्य आठ लाखांच्या वर गेले. माणसे सुट्ट्या सोडून मतदानासाठी शहरात परतली होती. इमामोग्लू यांच्या लोकप्रियतेचा पाया मला त्यांच्या भाषणांपेक्षा या आकड्यांत दिसतो, आणि इथे आपले माझे फारसे दुमत नसावे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. निवडणूक रद्द करणाऱ्यांना ‘मूर्ख’ म्हटल्याबद्दल डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना दोन वर्षे सात महिने पंधरा दिवसांची शिक्षा आणि राजकारणबंदी सुनावण्यात आली. अपील प्रलंबित असल्याने पद टिकले. २०२३ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी लढवली नाही. उमेदवारी पक्षाध्यक्षांकडे गेली आणि ते हरले. ३१ मार्च २०२४ रोजी सत्ताधारी पक्षाचे उमेदवार मुरात कुरुम यांना हरवून इमामोग्लू पुन्हा महापौर झाले, आणि त्यांचा पक्ष १९७७ नंतर प्रथमच देशभरात पहिल्या क्रमांकावर आला.

आणि आता आपला दुसरा आक्षेप, जो सर्वांत गंभीर आहे. आरोपांना मी फार कमी जागा दिली, हे खरे आहे. म्हणून ते इथे मांडतो. १९ मार्च २०२५ रोजी त्यांना ताब्यात घेण्यात आले आणि २३ मार्चला भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक करून सिलिव्रीच्या तुरुंगात पाठवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झालेले आरोपपत्र साडेतीन हजारांहून अधिक पानांचे आहे, त्यात चारशेहून अधिक आरोपी आहेत आणि एकट्या इमामोग्लू यांच्यासाठी दोन हजारांहून अधिक वर्षांची शिक्षा मागितली आहे. सरकारी पक्षाच्या मते ही पालिकेतून चालवलेली गुन्हेगारी टोळी होती. इमामोग्लू यांना हे आरोप मान्य नाहीत. ते निर्दोष आहेत असे मी म्हटलेले नाही आणि आजही म्हणत नाही. कंत्राटांचे कागद मी पाहिलेले नाहीत आणि आपणही पाहिलेले नाहीत.

पण ‘न्यायालयावर सोडा’ एवढे म्हणून विषय संपत नाही, कारण न्यायालयाबाहेरही बरेच काही घडले. त्यांना ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १८ मार्चला, इस्तंबूल विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली. १९९० मध्ये उत्तर सायप्रसमधील विद्यापीठातून त्यांनी घेतलेला प्रवेश नियमबाह्य होता, असे कारण दिले गेले. तुर्कस्तानात अध्यक्षपदाच्या उमेदवाराला उच्च शिक्षणाची पदवी लागते, आणि २३ मार्चलाच त्यांचा पक्ष अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदान घेणार होता. पस्तीस वर्षे कोणाला न खटकलेला प्रवेश नेमक्या त्या आठवड्यात खटकावा, याकडे मी डोळेझाक कशी करू? ते मतदान ठरल्याप्रमाणे झाले. पक्षाने सभासद नसलेल्यांसाठीही पेट्या ठेवल्या होत्या, आणि पक्षाच्या सांगण्याप्रमाणे सुमारे दीड कोटी लोकांनी मत टाकले.

विद्यमान अध्यक्ष एर्दोगान हेही १९९४ मध्ये इस्तंबूलचेच महापौर होते, आणि एका सभेत कविता म्हटल्याबद्दल १९९९ मध्ये त्यांनीही चार महिने तुरुंगात काढले. तेव्हाही तो अन्यायच होता, असे मी मूळ लेखात लिहिले होते; ते वाक्य आपल्या नजरेतून सुटले असावे.

नागपूरचा प्रश्न उरला. आपल्याकडे महापौर थेट मतदारांकडून निवडला जात नाही. नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठी निवडतात, आरक्षण सोडतीने ठरते आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. तरीही या पदाचे वजन आपल्याला ठाऊक आहे : १९९७ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी याच शहराचे महापौर झालेले देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादांमुळे, जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. त्या काळात आमच्या गल्लीतली गडरलाईन तुंबली की लोक माजी नगरसेवकाच्याच दारी जात. ते म्हणत, ‘माझ्या हाती आता काही नाही’, आणि तरी चप्पल घालून बघायला येत. निवडून आलेला माणूस नसणे म्हणजे काय, हे आपण दोघांनीही पाहिले आहे. इस्तंबूलमध्ये निदान प्रशासक आला नाही. अटक दहशतवादाच्या आरोपाखाली न झाल्याने, तिथल्या सभागृहाने नुरी अस्लान यांना हंगामी महापौर निवडले. आग्नेय तुर्कस्तानातील मार्दिन शहराचे महापौर अहमत तुर्क यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही; २०१६, २०१९ आणि २०२४ अशा तीन वेळा त्यांना पदावरून दूर करून सरकारने आपला माणूस नेमला.

बर्फवृष्टी आणि पुराच्या वेळची टीका आणि आरोपपत्राचा तपशील मी आज मूळ लेखात घालत आहे, आणि या दुरुस्त्या आपल्या प्रतिक्रियेमुळे झाल्या असे तिथे नमूदही करत आहे. ३१ मार्च २०१९ रोजी इस्तंबूलच्या मतदारांनी पाकिटात घातलेली चौथी मतपत्रिका मात्र मी मोजतो, म्हणून शीर्षकातील ‘तीनदा’ तसाच राहील.