शोधप्रकल्प कसा उरकावा

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वर्गांत क्षेत्रकार्याला आणि शोधप्रकल्पाला श्रेयांक दिल्यापासून कोल्हापुरातील झेरॉक्सच्या दुकानांना बरे दिवस आले आहेत. गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयात बहिःस्थ परीक्षक म्हणून समाजशास्त्राचे बत्तीस प्रकल्प वाचून आलो. त्या अनुभवाचा लाभ पुढच्या तुकडीला व्हावा, म्हणून हे मार्गदर्शन.

विषय कोणताही घ्या, फक्त शेवटी ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे शब्द जोडा. प्रस्तावनेत शाहू महाराजांचा १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम यायलाच हवा, मग विषय मोबाइलच्या अतिवापराचा का असेना.

नमुना १०० जणांचाच निवडा. संशोधनशास्त्रात याला कोणताही आधार नाही. परंतु शेकडेवारी काढावी लागत नाही, हा लाभ लहान नव्हे. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची प्रश्नावली वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली की रात्री अकरापर्यंत शंभर शेतकरी मिळतात आणि सगळे एकवीस वर्षांचे निघतात.

वर्तुळालेख रंगीत काढा आणि कृष्णधवल छापा.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने कारागिराच्या हाती काय पडले, हे विचारायला चपला बनवणाऱ्यांच्या सुभाषनगरात जाण्याची गरज नाही. ‘शासनाने लक्ष द्यावे’ ही शिफारस घरबसल्याही करता येते.

आता मुख्य सूचना. जुना प्रकल्प मिळवावा आणि संगणकाकडून शब्द बदलून घ्यावेत. मी वाचलेल्या एका प्रकल्पाचे शीर्षक होते ‘पंचगंगेच्या महापुराचा ग्रामीण कुटुंबांवरील परिणाम’. आत लिहिले होते, ‘सलग तीन वर्षे पावसाअभावी महापूर पडल्याने विहिरींनी तळ गाठला आहे.’ पुढच्या पानावर महापूरग्रस्तांसाठी चारा छावण्या होत्या आणि निष्कर्षात ‘महापूर निवारणासाठी शेततळी खोदावीत’ असा उपाय होता. कुठल्या तरी दुष्काळी तालुक्यावरच्या प्रकल्पात ‘दुष्काळ’ पुसून ‘महापूर’ बसवला होता आणि तो शब्द सोडून बाकी काहीही वाचलेले नव्हते. मी हसलो, हे कबूल करतो. तोंडी परीक्षेत त्या मुलाला सहज विचारले, ‘पूर पाहिला आहेस का?’ तो म्हणाला, ‘सर, आमचं घर चिखलीतच हाय की.’

प्रयाग चिखली, म्हणजे कोल्हापूरजवळचे नदीकाठचे गाव. पंचगंगेचे पाणी जिथे मोजतात, त्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा हा मुलगा शाळेत होता. पुढची दहा मिनिटे तो बोलत राहिला. म्हशी सोडून बोटीत बसायला आजोबा तयार नव्हते. शेवटी दावी कापली आणि जनावरे पाण्यात सोडली. २०२१ ला पुन्हा पाणी आले, तेव्हा मात्र आजोबा इशारा पातळीलाच, म्हणजे ३९ फुटांना, म्हशी घेऊन निघाले. सोनतळीला पुनर्वसनाची जागा असताना गाव नदीकाठ का सोडत नाही, या प्रश्नावर त्याच्याकडे शेती, गोठा, भावकी आणि वाटण्या धरून पाच कारणे होती, तीही महत्त्वाच्या क्रमाने. यातले एक अक्षरही प्रकल्पात नव्हते. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘सरांनी सांगितलं, स्वतःचं लिहायचं नाही, संदर्भ लागतो.’

इथे मला उपरोध सुचेनासा होतो. अहो मार्गदर्शक महाशय, चाळीस उंबरे फिरून त्या पाच कारणांची पडताळणी करायला त्याला सांगितले असते, तर तोच संदर्भ झाला असता. आजोबांची मुलाखत तारीख घालून नोंदवायला कोणत्या नियमाची आडकाठी होती? एकेका मार्गदर्शकाकडे साठ-साठ मुले सोपवली जातात, हे मला ठाऊक आहे. मीही त्यातूनच गेलो आहे. पण पावसाअभावी महापूर पडतो, हे वाक्य पान सातवर होते, आणि पान तीनवर ‘हे संशोधन माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली पूर्ण झाले’ या प्रमाणपत्राखाली तुमची सही होती. चार पाने पुढे उलटायला किती वेळ लागतो हो? आणि मुला, तूही ऐक. तुला सगळे माहीत होते, तरी पाचशे रुपये मोजून दुसऱ्याचा दुष्काळ विकत आणलास. तो प्रकल्प मी परत केला आहे. नवा लिहायला महिनाभर मुदत आहे. आधी घरी जा आणि आजोबांसमोर वही घेऊन बस.