‘५८ झाले की कपात निघते’ म्हणे!

परवा दाजींचा फोन आला. “पेन्शन मागायचा टेन-डी फॉर्म भरलाय, उद्या देऊन टाकतो.” दाजी ५२ चे, नुकतीच कारखान्यातली नोकरी सुटलेली. एवढी घाई कशाची, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय: ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, नियम बदलणार, पन्नाशी उलटलेल्यांनी आत्ताच पेन्शन सुरू करा, लवकर घेतल्याबद्दलची कपात ५८ झाले की आपोआप निघून जाते, आणि लवकर घेणारा शेवटी फायद्यातच राहतो.

कपात निघते, हे कुणाच्या डोक्यातून आलं? योजनेचा परिच्छेद १२(७) उघडा. ५८ ला जितकी वर्षं कमी, त्यातल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात. पुढे भरून देण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ५८ व्या वर्षी महिना ४००० रुपये बसणार असतील तर दाजींना ३१०० च्या आसपास मिळतील, आणि तेच कायम. या पेन्शनला महागाई भत्ताही नाही. मागे पत्नीला मिळणारं पेन्शनही दाजींच्या या कापलेल्या रकमेच्या निम्मं. गोंधळ बहुधा २०२० च्या अधिसूचनेमुळे झालाय. सप्टेंबर २००८ पूर्वी ज्यांनी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, त्यांचं पेन्शन १५ वर्षांनी पूर्ववत झालं. त्याचा दाजींशी काय संबंध?

नियम बदलायची भीती अगदीच हवेतली नाही, हे मान्य. २००८ मध्ये कपात ३ वरून ४ टक्के झालीच होती. पण एक टक्का वाढेल या धास्तीने आजच सहा वर्षांची कपात अंगावर घ्यायची, हा कुठला हिशेब?

‘लवकर घेणारा फायद्यात’ यात मात्र, नाइलाजाने सांगतो, तथ्य आहे. व्याज सोडून बेरीज केली तर थांबणारा पुढे जायला वयाची ७८-७९ वर्षं उजाडतात. घरात दुसरा पैसाच नसेल तर खुशाल घ्या. पण दाजी नवी नोकरी शोधताहेत. पेन्शन सुरू केलं की ईपीएसचं सभासदत्व संपतं, पुढची सेवा त्यात धरली जात नाही. त्यापेक्षा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे आजवरच्या सेवेचा दाखला, घेऊन ठेवा; नव्या नोकरीतली सेवा त्याला जोडली जाईल. ५८ नंतरही ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ, हे त्या मजकुरात कुठेच नव्हतं.

फॉर्म सध्या दाजींच्या कपाटात आहे. मजकूर पाठवणाऱ्या गृहस्थांना मी परिच्छेद १२(७) चा फोटो पाठवला. उत्तरादाखल जोडलेले हात आले.