‘तेल नको, जेलसाठी थांबा’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांत आमच्या नाशिकमधील नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच संदेश इतक्या वेळा आला, की त्याचे शब्द आता पाठ झाले आहेत. त्याचा गोषवारा असा : ‘शास्त्रज्ञांनी डोळ्यातील द्रवाची जागा घेणारे जेल शोधून काढले आहे. सशांवर ते शंभर टक्के यशस्वी झाले आहे. एका इंजेक्शनात सुटलेला पडदा चिकटतो, ऑपरेशन लागत नाही, पालथे झोपावे लागत नाही, साखरेमुळे गेलेली नजरही परत येते. डॉक्टर ही गोष्ट लपवतात. डोळ्यात तेल घालून घेऊ नका, जेलसाठी थांबा.’

मी नेत्रवैद्य नाही. महाविद्यालयात पॉलिमरचे रसायनशास्त्र शिकवतो, आणि माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, उजव्या डोळ्यात पाच महिन्यांपासून सिलिकॉन तेल आहे; सुटलेला पडदा (रेटिना) शस्त्रक्रियेने बसवल्यावर तो जागी राहावा म्हणून ते भरलेले आहे. या दोन कारणांमुळे संदेशातील एकेक विधान तपासून पाहणे मला भाग पडले. सगळाच संदेश खोटा असता तर तो पुसून टाकून मोकळे होता आले असते. परंतु त्याची सुरुवात बऱ्यापैकी खरी आहे, आणि म्हणूनच त्याचा शेवट अनेकांना पटतो.

जेल शोधले आहे, हे खरे आहे, मात्र ते एकच एक जेल नाही. भिंग आणि पडदा यांच्या मधली पोकळी भरणारा काचाभ द्रव, ज्याला डॉक्टर व्हिट्रियस म्हणतात, तो सुमारे चार मिलिलिटर असतो. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि उरलेल्या अल्प भागातील कोलॅजनचे तंतू व हायलुरॉनिक आम्ल त्या पाण्याला जेलीसारखे धरून ठेवतात. एकदा काढला की तो पुन्हा तयार होत नाही. इतक्या पाण्याला इतक्या थोड्या पदार्थाने धरून ठेवणे प्रयोगशाळेत फार अवघड जाते, कारण पॉलिमरचे प्रमाण वाढवले की जेल आजूबाजूचे पाणी शोषून फुगते आणि डोळ्यावर दाब आणते, तर कमी ठेवले की ते घट्टच होत नाही. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये या अडचणीतून एक सुरेख वाट काढली. पॉलिमरच्या साखळ्या आधी बाहेरच अर्धवट जोडून त्यांचे पुंजके बनवायचे आणि ते डोळ्यात गेल्यावर काही मिनिटांत एकमेकांत गुंतू द्यायचे, अशा रीतीने त्यांनी लिटरमागे जेमतेम चार ग्रॅम पॉलिमर वापरून जेल तयार केले आणि ते सशांच्या डोळ्यांत वर्षाहून अधिक काळ टिकले. सिंगापूरमधील संशोधकांनी २०१९ मध्ये निराळा मार्ग घेतला : सुईतून जाताना पातळ आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होणारे त्यांचे जेल सशांबरोबर माकडांच्या डोळ्यांतही तपासले गेले. ही कामे पाहून माझ्यासारख्या माणसाला आनंद होतो, हे मी लपवत नाही.

आता ‘सशांवर शंभर टक्के यशस्वी’ या शब्दांकडे वळू. सशाच्या डोळ्यात काचाभ द्रव जेमतेम दीड मिलिलिटर असतो, भिंग डोळ्याच्या मानाने मोठे असते, आणि आपण ज्या मध्यबिंदूने वर्तमानपत्र वाचतो तो मॅक्युला सशाला नसतोच. त्यामुळे सशावरील चाचणीतून पुढील गोष्टी कळतात : जेल पारदर्शक राहिले का, डोळ्याचा दाब वाढला का, सूज आली का, पडद्याचे विद्युत्-संकेत मंदावले का, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शाबूत दिसतात का. ससा अक्षरे वाचून दाखवत नाही. माकडांना मॅक्युला असतो, म्हणूनच सिंगापूरच्या चाचणीला अधिक वजन आहे. काही जेल मोजक्या माणसांवरील प्राथमिक चाचण्यांपर्यंतही पोहोचली आहेत. परंतु यातले कुठलेही जेल नेहमीच्या वापरात आलेले नाही.

शिवाय काळाचा प्रश्न आहे, आणि तो माझ्या विषयाचा असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. १९८०च्या दशकात सुटलेल्या पडद्याला बाहेरून आधार देण्यासाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिवून बसवायचा हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा, एक पट्टा वापरात आला होता. तो मऊ होता, शरीराला मानवत होता आणि सुरुवातीची वर्षे उत्तम गेली. पुढे कित्येक वर्षांनी तेच जेल पाणी शोषून फुगू लागले. रुग्णांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, काहींच्या डोळ्यांवर गाठीसारखा उंचवटा आला, आणि काढायला गेले तर ते ठिसूळ होऊन हाती तुकडे येऊ लागले. तो पट्टा निदान डोळ्याच्या बाहेर होता! आत भरलेले जेल पाचव्या किंवा दहाव्या वर्षी कसे वागेल, याचे उत्तर वर्षभर जगवलेला ससा देऊ शकत नाही.

चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे, याचा याहूनही कटू धडा २०१५ मध्ये स्पेनमध्ये मिळाला. शस्त्रक्रियेच्या दरम्यान पडदा सपाट करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जड द्रवाच्या काही खेपांमध्ये विषारी अशुद्धी राहिली होती आणि शंभराहून अधिक रुग्णांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. त्या खेपा पेशींवरील सुरक्षाचाचणीतून पार पडलेल्या होत्या. मात्र ती चाचणी द्रवाच्या अर्कावर केली होती, आणि पाण्यात न विरघळणाऱ्या अशुद्धी अर्कात उतरल्याच नव्हत्या. तोच द्रव थेट पेशींवर ठेवला तेव्हा पेशी मेल्या. डोळ्यात भरण्याच्या कोणत्याही नव्या पदार्थाबाबत संशोधक पुढे सरकायला वेळ का लावतात, हे यावरून ध्यानात यावे.

‘एका इंजेक्शनात पडदा चिकटतो, ऑपरेशन लागत नाही’ हे विधान मात्र सरळ चूक आहे. जेल भरण्यासाठी पोकळी रिकामी हवी, आणि ती रिकामी करण्याची शस्त्रक्रिया म्हणजेच व्हिट्रेक्टमी, जी नेत्रशल्यविशारद रॉबर्ट माखेमर यांनी १९७०च्या सुमारास रूढ केली. पडद्यावरील ओढ सोडवणे, छिद्राभोवती लेझर करणे ही कामेही त्याच वेळी होतात, आणि शेवटी पडद्याला आतून आधार म्हणून तेल, वायू की जेल, काय भरायचे एवढाच प्रश्न उरतो. येथे एक बारकावा आहे. तेल आणि वायू पाण्यात मिसळत नाहीत, म्हणून त्यांच्या पृष्ठताणामुळे पडद्याचे छिद्र झाकले जाते आणि द्रव पडद्यामागे शिरत नाही. हायड्रोजेल मुळातच पाण्याचे सोयरे असल्यामुळे हा पृष्ठताण त्याच्यापाशी नसतो. छिद्र दाबून धरण्याचे काम त्याला आपल्या किंचित फुगण्याच्या जोरावर करावे लागते. म्हणजे जो फुगवटा जास्त झाल्यास घातक ठरतो, तोच थोडा हवासाही असतो. इतक्या अरुंद मर्यादेत बसणारा पदार्थ बनवायचा आहे.

पालथे झोपण्याबद्दल संदेशाने म्हटले ते पुष्कळ अंशी रास्त आहे. वायूचा बुडबुडा वर तरंगतो, म्हणून डोळ्याच्या मागच्या भागातील छिद्रावर तो टेकावा यासाठी रुग्णाला मान खाली घालून दिवस काढावे लागतात. वायूची आणखी एक अडचण नाशिककरांना विशेष जाणवते. मुंबईत वायू भरून घेतलेला माणूस कसारा घाट चढून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आला, की हवेचा दाब घटल्याने बुडबुडा सुमारे सात टक्के प्रसरण पावू पाहतो, आणि बंद डोळ्यात दाब चढण्यास तेवढे पुरते. अण्णांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. घरी परतायचे म्हणून वायूऐवजी तेल निवडण्यात आले. चांगले जेल आले तर ही दोन्ही संकटे टळतील, यात शंका नाही.

साखरेमुळे गेलेल्या नजरेविषयी दोनच वाक्ये पुरेत. मधुमेहात बिघाड होतो तो पडद्याच्या रक्तवाहिन्यांत. रक्तस्राव झालेला काचाभ द्रव काढून तेथे कितीही उत्तम जेल भरले, तरी मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत.

‘डॉक्टर लपवतात’ या आरोपाचे मला नवल वाटते, कारण तेलाचे सगळे दोष मला डॉक्टरांकडूनच कळले. तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे १.४० आणि मूळ द्रवाचा सुमारे १.३४, त्यामुळे स्वतःचे भिंग शाबूत असलेल्या डोळ्याला पाच-सहाचा प्लस नंबर लागतो, हे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच कागदावर आकृती काढून सांगितले होते. मोतीबिंदू वाढतो, तेलाचे बारीक थेंब सुटून दाब चढतो, म्हणून ते काही महिन्यांनी काढावे लागते, हेही त्यांनी सांगितले. राहिला प्रश्न जेल न वापरण्याचा, तर भारतात नव्या वैद्यकीय उपकरणाला २०१७च्या नियमांनुसार आधी माणसांवरील रीतसर चाचणी आणि मग परवानगी लागते. त्याआधी ते रुग्णाच्या डोळ्यात घालणे हाच गुन्हा ठरेल.

उरले शेवटचे, आणि सर्वांत घातक, वाक्य : ‘थांबा.’ पडद्याच्या प्रकाशग्राही पेशींना पोषण मिळते ते मागच्या थरातून. पडदा त्या थरापासून सुटला की त्या उपाशी पडतात, आणि मॅक्युला सुटण्याच्या बेतात असेल तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो. ज्यांच्या डोळ्यात तेल आधीच आहे त्यांना थांबणे निरुपद्रवी वाटते, परंतु तेही तसे नाही. अण्णांनी हा संदेश वाचून तेल काढण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली होती : ‘जेल येईलच वर्षभरात, दोनदा डोळा कशाला उघडायचा?’ मागच्या तपासणीत डोळ्याचा दाब चढलेला निघाला आणि तेलाचे थेंब सुटू लागलेले दिसले. आता तारीख पुढच्या सोमवारची आहे, आणि या वेळी कसारा घाटाची चिंता करायची नाही, कारण पडदा चिकटलेला असल्याने तेलाच्या जागी साधे क्षारद्रावण भरायचे ठरले आहे.