तारीख टाका, वेळ टाका, मग हात जोडा

आज दुपारी ग्रुपवर मेसेज आला. "अत्यंत तातडीचे! एका गरीब ताईला बी निगेटिव्ह रक्ताची गरज आहे. माणुसकीच्या नात्याने जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा." खाली जोडलेल्या हातांची रांग आणि एक नंबर. माझा गट तोच, म्हणून लगेच फोन लावला. पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "दादा, ती दिवाळीच्या आधीच गेली. अजून फोन येतात."

तेव्हापासून कामात लक्ष नाही.

अरे, तारीख का टाकत नाही? दवाखाना कुठला, पिशवी किती वाजेपर्यंत हवी, काहीच नाही. "माणुसकी" मात्र आहे! आपल्या सोलापुरात रक्त द्यायला कोणी मागं हटत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. माणुसकी जागी करायची गरजच नाही, कुठं यायचं तेवढं सांगा.

मागच्या पावसाळ्यात दाजींना डेंगी झाला. प्लेटलेट भराभर उतरल्या. अक्का रडत बसलेली, आम्ही मोठी माणसं नुसती येरझाऱ्या घालत होतो. मेसेज लिहिला अकरावीतल्या भाच्यानं. "माझ्या वडिलांना डेंगी झालाय. आज मंगळवार, रात्री नऊच्या आत बी पॉझिटिव्ह प्लेटलेट देणारा हवा. सात रस्त्याजवळच्या रक्तपेढीत यायचंय, दीड-दोन तास लागतील. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर येऊ नका. आधी मला फोन करा." बास. अशोक चौकातनं एका अनोळखी पोराचा फोन आला, "येऊलालो बे, थांब."

त्या पोराला रक्तपेढीत कोणी परत पाठवलं नाही, कारण अट आधीच वाचून आला होता. प्लेटलेट काढून ठेवल्या तरी 5 दिवसच टिकतात. मग बिनतारखेचा मेसेज वर्षभर फिरवून कोणाचं भलं होतं?

मान्य आहे, घरचं माणूस आत असताना हात थरथरतात, व्याकरण कुठलं सुचतंय. पण मग शेजारी उभ्या असलेल्यानं लिहावं ना! आणि पुढं ढकलणाऱ्यांचे हात तर थरथरत नसतात. त्यांनी एक फोन करून विचारावं, अजून गरज आहे का.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरगं हरवलं की भोंग्यावरून काय सांगतात? नाव, वय, शर्टाचा रंग, कुठं येऊन घेऊन जायचं. एवढ्या गर्दीत, पाळण्यांच्या गोंगाटात आईला तेवढंच ऐकू जातं.

भाच्यानं आणखी एक केलं होतं, ते आम्हाला कोणालाच सुचलं नसतं. रात्री आठला दुसरा मेसेज टाकला. "दाता मिळाला. आता कोणी निघू नका, आधीचा मेसेज पुढे पाठवू नका." त्या ताईच्या घरच्यांच्या वतीनं एवढ्या दोन ओळी कोणी टाकल्या असत्या, तर आज मी त्या माणसाची जखम उकरली नसती.

मेसेज पाठवणारी मंडळी वाईट नाहीत, हे कळतंय मला. कळवळ्यानंच पाठवतात. पण आजपासून आपल्या शाळेच्या ग्रुपवर तारीख नसलेली रक्ताची हाक आली, की टाकणाऱ्याला मी फोन करणार. तारीख विचारणार, दवाखाना विचारणार, गरज संपली असेल तर मेसेज काढायला लावणार. राग आला तर येऊ दे.