ध्रुवाकडचा दर्या वाळवंट नाही, आणि तो तापला म्हणून मासळीचं कोठार उघडणार नाही

चारपाच दिवस झाले, आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, आणि काल खारीवाड्याला ज्याचा ट्रॉलर आहे त्या आमच्या आतेभावाने ते मला वेगळं पाठवलं आणि खाली लिहिलं, तू लॅबमध्ये दर्याचं पाणी तपासायचीस ना, हे खरं काय गो? मेसेज थोडक्यात असा: ध्रुवाजवळचा समुद्र म्हणजे गोठलेलं वाळवंट, शून्याखाली पाणी म्हणजे बर्फच, त्यात जीव कुठला, तिथल्या पाण्यात खत नाही म्हणून शेवाळ नाही, आता पृथ्वी तापतेय तर तिथलं पाणी कोमट होऊन मासळीचं नवीन कोठार उघडेल, आणि काही कमी पडलंच तर लोखंडाची पूड टाका, काम झालं, शेवटी, तिथे काही का होईना, आपल्याला गोव्यात काय फरक पडतो.

दादा, एकेक करून सांगते, कारण याच्यातलं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं वाटतं आणि प्रत्येक ठिकाणी गडबड आहे.

पहिलं, शून्याखाली पाणी म्हणजे बर्फ. हे फ्रीजमधल्या गोड्या पाण्याचं झालं. दर्याचं पाणी खारट, ते साधारण उणे १.८ डिग्रीला गोठतं, म्हणजे उणे १ ला सुद्धा ते मस्त वाहतं पाणी असतं आणि त्यात मासे फिरतात. अंटार्क्टिकाच्या बऱ्याच माशांच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारं प्रथिन असतं. आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, शून्याच्या आसपास आपल्या २८ डिग्रीच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. जीव नाही म्हणणाऱ्याने क्रिल नावाची ती कोळंबीसारखी जात बघावी, अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात ती कोट्यवधी टन आहे आणि पेंग्विन, सील, देवमासे सगळे तिच्यावर जगतात.

दुसरा मुद्दा खताचा, इथे मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये बघितलीय. शेवाळ म्हणजे इथे पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ, मासळीचं जेवण त्याच्यापासूनच सुरू होतं, आणि नायट्रेट हे त्याचं एक मुख्य खत. पाण्यातलं नायट्रेट मोजायचं तर ते आधी कॅडमियमच्या कॉलममधून सोडतात, त्याचं नायट्राइट होतं, मग दोन केमिकल घातली की गुलाबी रंग येतो, जितका रंग गडद तितकं नायट्रेट जास्त. आपल्या किनाऱ्यापासून लांब, पाऊस संपून दर्या शांत झाल्यावरचं वरचं पाणी घेतलं की ट्यूब जवळजवळ पांढरीच राहते, एक मायक्रोमोल (अगदी बारीक प्रमाण मोजायचं एकक) प्रति लिटर सुद्धा भरत नाही. आणि दक्षिणेकडच्या मोहिमेतून गोठवून आणलेल्या बाटल्या उघडल्या, पन्नास अंश दक्षिण अक्षांशाच्याही पलीकडच्या, की तेच केमिकल घातल्यावर असा गडद गुलाबी रंग यायचा की रीडिंग मशीनच्या बाहेर जायचं, सॅम्पल पातळ करून परत लावायला लागायचं. २५ ते ३० मायक्रोमोल, आणि ते सुद्धा अगदी पृष्ठभागावरचं पाणी. तर खत नाही हे वाक्य सरळ उलटं आहे, जगात पृष्ठभागावर सगळ्यात जास्त खत असलेल्या पाण्यात दक्षिण महासागर येतो.

मग इतकं खत येतं कुठून? तिथे वारा सतत पश्चिमेकडून वाहतो आणि वरचं पाणी उत्तरेकडे ढकलतो, त्याची जागा भरायला खोलातलं जुनं पाणी वर येतं, ज्यात शेकडो वर्षं मेलेल्या जिवांचं कुजून झालेलं खत साठलंय. आणि गंमत बघ, ते खालून येणारं पाणी वरच्यापेक्षा गरम असतं! उन्हाळ्यात तिथे वरचं पाणी शून्याच्या आसपास, शंभरेक मीटरवर हिवाळ्यातलं उरलेलं अजून थंड पाणी, आणि त्याच्या खाली एक ते दोन डिग्रीचं. गरम असूनही ते खाली राहतं कारण ते जास्त खारट म्हणून जड. म्हणून पाण्याच्या तापमानावरून त्याची सुपीकता सांगायची हा रिवाजच चुकीचा आहे, ते पाणी आलं कुठून हे बघावं लागतं.

हे हुमणासारखं आहे. वाटण तळाला बसलं आणि ढवळलंच नाही तर वरून वाढलेल्या डावात नुसतं पाणी येतं. आपल्याकडे वरचं गरम हलकं पाणी झाकणासारखं बसतं, खत खाली राहतं, आणि पावसाळ्यात खालचं थंड पाणी किनाऱ्याजवळ वर यायला लागलं की शेवाळ वाढतं. ऑगस्टात बंदी उठल्यावर तारले-बांगडे का मिळतात याचं एक मोठं कारण हे आहे, दादाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, फक्त त्याला कोणी नायट्रेट असं नाव सांगितलं नव्हतं.

पण थंड म्हणजे सुपीक असंही समजू नका, नाहीतर मी दुसरं खोटं फॉरवर्ड तयार केल्यासारखं होईल. उत्तर ध्रुवाकडे बघा. आर्क्टिकमध्ये जगातल्या समुद्राच्या पाण्याचा फक्त एक टक्का आहे पण जगातल्या नद्यांचं दहा टक्क्यांच्या वर पाणी तिथे येतं, ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी, त्यात वितळलेला बर्फ, सगळं गोडं आणि हलकं, ते वर बसतं. नॉर्वेचा संशोधक नानसेन, त्याच्या फ्राम जहाजाने १८९३ ते १८९६ या काळात बर्फात अडकून वाहत जाताना तिथे खाली अटलांटिकचं गरम पाणी आहे हे मोजलं होतं, पण वरच्या गोड्या झाकणामुळे ते वर येत नाही. म्हणून अलास्काच्या उत्तरेच्या बोफोर्ट समुद्रात वरचं पाणी बर्फासारखं थंड आणि उन्हाळ्यात नायट्रेट जवळजवळ संपलेलं, तर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी जिथे आत येतं तिथे भरपूर. दोन्ही ध्रुव, दोन्ही थंड, आणि चित्र एकदम वेगळं.

आता तिसरा मुद्दा, कोमट झालं की कोठार उघडेल. यात थोडं खरं आहे ते आधी सांगते, नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात कॉड आणि हॅडॉक उत्तरेकडे सरकलेत. पण ते सरकणं आहे, नवीन मासळी निर्माण होणं नव्हे, आणि त्यांच्या येण्याने थंडीतला लहान पोलर कॉड मागे हटतोय. बोफोर्टमध्ये तर बर्फ वितळून गोड्या पाण्याचं झाकण अजून जाड झालं, खत अजून खाली गेलं, आणि तिथे बारीक जातीचं शेवाळ वाढल्याचं मोजमापात दिसलंय, जे खाऊन मोठ्या मासळीपर्यंत फार कमी पोचतं. बर्फ गेला तर उजेड जास्त मिळतो हे मान्य, पण नुसत्या उजेडाने पीक येत नाही.

चौथा, लोखंडाची पूड. ही कल्पना हास्यास्पद नाही, हे आधीच सांगते. दक्षिण महासागरात इतकं नायट्रेट असून शेवाळ कमी का हा प्रश्न खरा आहे, आणि १९९० च्या आसपास जॉन मार्टिन या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने मांडलं की तिथे लोखंड कमी पडतं. आपल्याला हे पटायला जड जातं, मांडवीतून लोहखनिजाच्या बार्जी बघत मोठे झालेलो आपण, आपल्या घराच्या पायरीवर सुद्धा लाल धूळ. पण तिथे जमीन लांब, धूळ फार थोडी, आणि ऑक्सिजन असलेल्या पाण्यात लोखंड गंजून खाली बसतं. केर्गेलेन बेटाभोवती मात्र उथळ तळातून लोखंड मिळतं आणि तिथे दर उन्हाळ्यात सॅटेलाइटमधून हिरवा पट्टा दिसतो.

मग टाकून बघितलं का? बघितलं, आणि त्यात आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचा हात होता. २००९ मध्ये लोहाफेक्स, भारत-जर्मनीचा प्रयोग, पोलारस्टर्न जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोखंड सोडलं, शेवाळ वाढून हवेतला कार्बन खाली तळाला नेतं का तेही बघायला. पहिले दोन आठवडे शेवाळ वाढलं, मग थांबलं. कारण जिथे टाकलं तिथे सिलिकेट आधीच संपलेलं होतं, आणि डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं शेवाळ, जे जड असून कार्बन घेऊन तळाला जातात, त्यांना सिलिकेटशिवाय कवचच करता येत नाही. जे बारीक शेवाळ वाढलं ते कोपेपॉड नावाच्या किड्याएवढ्या जिवांनी खाऊन टाकलं. खाली गेलेला कार्बन नगण्य.

हे सिलिकेटचं गणित त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, आणि खरं तर नकाशा बघितला की तेच सगळ्यात ठळक दिसतं. दक्षिणेकडे जाताना पन्नास अंशाच्या आसपास पोलर फ्रंट लागतो, थोड्याच अंतरात पाणी दोनतीन डिग्रीने थंड होतं. त्या रेषेच्या दक्षिणेला सिलिकेट भरपूर, उत्तरेला उन्हाळ्यात जेमतेम, पण नायट्रेट दोन्हीकडे उरलेलं. कारण खालून वर आलेलं पाणी उत्तरेकडे सरकत ती रेषा ओलांडेपर्यंत डायटम त्यातलं सिलिकेट खाऊन टाकतात. एकाच समुद्रात इतका फरक, तर पूड कुठे टाकायची हे कोण ठरवणार?

शेवटचं, गोव्याला काय फरक. तिथे उरलेलं ते नायट्रेट फुकट जात नाही दादा. पोलर फ्रंटच्या उत्तरेला पाणी थंड होऊन खाली बुडतं आणि ते खत घेऊन वरच्या थराच्या खालून उत्तरेकडे सरकतं. २००४ मधल्या एका मॉडेलचा अंदाज असा होता की ३० अंश दक्षिणेच्या उत्तरेकडच्या दर्यात शेवाळ जितकं वाढतं त्याच्या सुमारे तीन चतुर्थांशाला खत या वाटेने मिळतं. त्यात हिंद महासागर आला, म्हणजे अरबी समुद्र आला, म्हणजे तुझं जाळं जिथे पडतं तो सुद्धा. तिथलं झाकण जाड झालं आणि हे पाणी बुडायचं कमी झालं तर त्याचा परिणाम यायला कित्येक दशकं लागतील, तुझ्या ट्रॉलरवर उद्या दिसणार नाही, पण तुझा मुलगा ट्रॉलर घेईल तेव्हाची गोष्ट मी करतेय. ग्रुपवर त्या मेसेजच्या खाली हे सगळं टाकलंस तरी चालेल, लांब आहे म्हणून कापू मात्र नको, सिलिकेटचा भाग तर अजिबात नको.